भरतवाक्य नसलेला खेळ

इ. स. १९८२ सालीं केव्हिन टॉम्स नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें ‘फुटबॉल मॅनेजर’ या नांवाचा एक खेळ संगणकासाठीं तयार केला, आणि तो विकण्यासाठीं जी संस्था काढली तिचें नांव त्यानें ‘ॲडिक्टिव्ह गेम्स’, म्हणजे ‘व्यसन लावणारे खेळ’, असें ठेविलें. आपल्या मालाचा दोष हाच त्याचा गुण म्हणून दुकानाच्या पाटीवर लिहिणारा व्यापारी विरळा. आणि ती पाटी वाचून गिऱ्हाइकानें पाठ न फिरवितां उलट लगबगीनें आंत शिरावें, हें त्याहून विरळें. त्या गोष्टीस आतां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. टॉम्सचा खेळ जुना झाला. त्यांतील काड्यांसारखे दिसणारे खेळाडू पाहून आजचीं मुलें हंसतील. परंतु त्यानें ज्या जातीच्या खेळांस जन्म दिला त्यांच्या बाबतींत ती पाटी अक्षरशः खरी ठरली आहे. सुशिक्षित, संसारी, एरवीं विचारी अशीं माणसें रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत एका काल्पनिक फुटबॉल-संघाचा कारभार पाहत बसतात, आणि सकाळीं खऱ्या कचेरींत जांभया देतात. हें कां होतें, आणि त्यांत निंद्य काय व वंद्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत असल्या खेळाची चर्चा कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस माझें उत्तर असें कीं संगणकावरील बहुतेक खेळ हाताच्या चपळाईचे आणि नजरेच्या तिखटपणाचे असतात. त्यांची जात लगोरीची किंवा आट्यापाट्यांची. या खेळांत हाताला काम जवळजवळ नाहींच. वाचणें, तर्क करणें, निवड करणें आणि वाट पाहणें, एवढेंच त्यांत आहे. आणि कादंबरी वाचणारा याहून फारसें निराळें काय करतो? शिवाय हा खेळ परक्यांच्याच घरांत आहे असें नाहीं. भारतांतील फुटबॉलच्या स्पर्धाहि त्यांत घातलेल्या असल्यामुळें मुंबईच्या किंवा गोव्याच्या संघाची धुरा वाहणारे तरुण आपल्याकडेहि आहेत. ज्या वस्तूवर घरांतील मुलगा दररोज चार तास खर्च करतो ती वस्तु चांगली कीं वाईट, हें तिला न पाहतांच ठरवून टाकणें टीकाकारास शोभत नाहीं आणि बापासहि शोभत नाहीं.

खेळाची रचना अशी आहे. आरंभीं एखादा संघ निवडावयाचा. मग तुम्ही त्या संघाचे मॅनेजर. चेंडूला पाय लावण्याचा अधिकार तुम्हांस नाहीं. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणास निरोप द्यावा, कोणास कोणत्या जागीं उभें करावें, सरावांत कशावर भर द्यावा, रुसलेल्याची समजूत कशी घालावी, पत्रकारांस काय उत्तर द्यावें, संचालकांकडे किती पैसे मागावे, एवढेंच तुमच्या हातीं. प्रत्येक खेळाडूच्या नांवापुढें वेग, दम, नेम, धैर्य, एकाग्रता इत्यादि गुणांचे आंकडे मांडलेले असतात. १ हा नीचांक आणि २० हा उच्चांक. कांहीं आंकडे मात्र झांकून ठेविलेले असतात. खेळाडू सातत्यानें खेळेल काय, मोठ्या सामन्यांत कचरेल काय, वारंवार जायबंदी होईल काय, हें थेट दिसत नाहीं. आज त्याची योग्यता किती आहे आणि पुढें ती कोठवर वाढूं शकेल, हें सांगणारे २०० पैकीं दिलेले दोन आंकडेहि असेच गुप्त असतात. सर्व तयारी झाली म्हणजे एक बटण दाबावयाचें. ‘पुढें चला’ अशा अर्थाचा शब्द त्यावर असतो. दिवस सरकतो, सामन्याची घटका येते, आणि ज्या अकरा जणांना तुम्हीं मैदानावर धाडिलें त्यांचें दैव तुम्ही हात चोळीत पाहत बसतां.

या जातींतील सर्वांत नांवाजलेली कृति पॉल व ऑलिव्हर कॉलियर या श्रॉपशायर परगण्यांतील दोघां भावांची. त्यांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ सालीं बाहेर पडला. १९९४ सालीं ‘स्पोर्ट्स इंटरॲक्टिव्ह’ ही त्यांची संस्था निघाली. पुढें प्रकाशकांशीं फारकत झाली, तेव्हां जुनें नांव प्रकाशकांकडे राहिलें आणि खेळाचें अंतरंग भावांकडे. म्हणून २००४ सालापासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या, म्हणजे टॉम्सनें पूर्वीं वापरलेल्याच, नांवानें निघूं लागला. तेव्हांपासून जवळजवळ दर वर्षीं त्याची नवी आवृत्ति निघते. २०२५ ची आवृत्ति ठरल्या वेळीं पुरी न झाल्यामुळें रद्द झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत पुढची आवृत्ति आली आणि तींत स्त्रियांच्या फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला. या इतिहासांतील एक गोष्ट रसिकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. पहिलीं दहाएक वर्षें या खेळांत सामना मुळीं दिसतच नसे. पडद्यावर एकामागून एक लहान लहान वाक्यें उमटत: अमक्यानें चेंडू अडविला, तमका पुढें सरसावला, चेंडू गोलाकडे चालला. आणि मग क्षणभर कांहींच नाहीं. त्या क्षणांत वाचणाऱ्याचा श्वास कोंडलेला असे. २००३ सालीं वरून पाहिल्यासारखे ठिपके आले आणि २००९ च्या आवृत्तीपासून हलतीं-चालतीं माणसें आलीं. परंतु जुन्या काळचे खेळणारे आजहि त्या वाक्यांची आठवण काढतात. चित्रपट निघाल्यावर मूळ कादंबरीची आठवण यावी, तसाच हा प्रकार आहे.

आतां मुख्य प्रश्न. या खेळाची इतकी ओढ कां लागते? सामान्यतः उत्तर मिळतें कीं हा जुगाराचाच एक सोज्वळ अवतार. मला हें उत्तर पटत नाहीं. खरा जुगार कसा असतो हें आपण नुकतेंच पाहिलें आहे. २००८ सालीं निघालेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ या मुंबईच्या कंपनीनें क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडून त्यावर पैसे लावण्याचा प्रकार आपल्याकडे घरोघर नेला. २०२५ च्या ऑगस्टमध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें केला, तेव्हां तिला त्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. तेथें आकर्षण पैशाचें होतें, आणि निकाल त्याच दिवशीं लागत असे. उलट ‘फुटबॉल मॅनेजर’मध्यें एकदां खेळ विकत घेतल्यावर पैसा मिळतहि नाहीं आणि जातहि नाहीं. एक हंगाम पुरा करावयास कित्येक दिवसांच्या रात्री लागतात. जिंकलें तरी तें शेजारच्या खोलींतील बायकोसहि सांगण्याची सोय नसते, कारण ती विचारणार, “म्हणजे नक्की काय झालें?” पैसा नाहीं, कीर्ति नाहीं, झटपट निकाल नाहीं. जुगाराचीं तिन्ही आमिषें वजा केलीं तरी ओढ शिल्लक राहते. मग ती ओढ कशाची?

माझ्या मतें या खेळाची गोडी खेळाची नसून कामाची आहे. विधान चमत्कारिक वाटेल. परंतु मध्यमवर्गीय मनुष्याच्या दिवसाकडे पाहावें. तो आयुष्यभर दुसऱ्याच्या कारभाराचा एक लहानसा तुकडा सांभाळतो. त्यानें लिहिलेलें टिपण वर जातें. वर तें कोठें जातें आणि त्याचें काय होतें हें त्यास कळत नाहीं. बढती मिळाली तर ती गुणामुळें, सेवाज्येष्ठतेमुळें, कीं साहेबांच्या लहरीमुळें, हें शेवटपर्यंत गूढ राहतें. हाच मनुष्य रात्रीं संगणकासमोर बसला म्हणजे काय करतो? पुन्हां कागदच चाळतो: करार, पगार, अहवाल, याद्या, तक्रारी. ज्या कामाला तो दिवसा कंटाळतो तेंच काम तो रात्रीं आवडीनें करतो. फरक इतकाच कीं या दुसऱ्या कचेरींत कर्म आणि फळ यांच्यामध्यें तिसरा कोणी उभा नाहीं. सोळा वर्षांचा एखादा पोरगा त्यानें दूरच्या गांवांतून हेरून आणला, तीन वर्षें जपला, आणि अखेरच्या सामन्यांत त्या पोरानेंच गोल केला, तर तें यश लाटावयास कोणी येत नाहीं. अपयशहि असेंच निर्भेळ त्याचें. फळाची आशा न धरतां कर्म करावें, असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु ज्या कर्माचें फळ कधीं दिसतच नाहीं त्या कर्मानें मन सुकून जातें, हेंहि तितकेंच खरें. त्या सुकलेल्या मनाला या खेळांत ओलावा मिळतो. त्यास आळशीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. आळशी मनुष्य इतकी मेहनत करीत नाहीं.

दुसरें कारण कल्पनेचें. आपल्याकडील शाळांतून पुस्तक उघडून क्रिकेट खेळण्याचा एक प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. इतिहासाचें पुस्तक मध्येंच उघडावें, पानाच्या आंकड्यांतील शेवटचा अंक पाहावा, आणि तितक्या धांवा फलंदाजाच्या नांवावर मांडाव्या. शून्य आलें कीं गडी बाद. मागच्या बांकावर बसून या पद्धतीनें भारतानें कितीतरी सामने जिंकले आहेत! मीं अशा सामन्यांच्या दोन वह्या भरल्या होत्या, आणि माझ्या वर्गांतील एका मुलानें आपल्या वहींत स्वतःचें नांव पांचव्या क्रमांकावर घातलें होतें. त्याच्या धांवा संशय यावा इतक्या अधिक होत असत. अमेरिकेंतील प्रसिद्ध कादंबरीकार जॅक केरुअॅक हा बालपणीं बेसबॉलचे असेच काल्पनिक संघ तयार करून त्यांचे सामने खेळवीत असे, त्यांचीं वृत्तें लिहीत असे, आणि मोठेपणींहि त्यानें हा नाद सोडला नव्हता. ते कागद न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. म्हणजे बटण आणि पडदा हीं नवीं. मूळ वृत्ति जुनी आहे. आंकडा हें केवळ बीज. त्यापासून माणूस उभा करण्याचें काम खेळणाऱ्याचें मन करतें. आणि जें आपण स्वतः उभें केलें त्याचा लोभ सुटत नाहीं.

हा लोभ किती खोल जातो याचीं दोन उदाहरणें या खेळाच्या भक्तांत सर्वतोमुखीं आहेत. किन्शासा येथें जन्मलेला व स्वीडनमध्यें वाढलेला टॉन्टन झोला मौकोको हा मुलगा इंग्लंडांतील डर्बी काउंटी क्लबाच्या कुमारसंघांत होता. २००१-०२ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्यें त्याच्या भावी योग्यतेचा अंदाज इतका उदार केला होता कीं जगभर लक्षावधि घरांत तो महान् खेळाडू झाला. प्रत्यक्षांत डर्बीच्या मुख्य संघांतून एक सामना खेळण्याचा योगहि त्यास आला नाहीं. दुसरें उदाहरण याहून नवलाचें. त्याच आवृत्तींत पोर्तुगालमधील एका लहान क्लबाचा ‘टो मदैरा’ नांवाचा आघाडीचा खेळाडू होता. त्यास विकत घेतलें कीं गोलांचा पाऊस पडे. पुढें कळलें कीं असा फुटबॉलपटु अस्तित्वांतच नाहीं. माहिती गोळा करणाऱ्यानेंच तो घुसडून दिला होता. त्याचें नांव काढून टाकण्यांत आलें. परंतु ज्यांनीं त्याच्या जोरावर अजिंक्यपदें मिळविलीं त्यांच्या स्मृतींतून त्यास कोण काढणार? टो मदैरा हा खोटा आणि मौकोको हा खरा, हा भेद त्यांच्या लेखीं गौण आहे. आपणहि कादंबरींतील नायिकेसाठीं डोळे ओले करतों, तेव्हां तिचा जन्माचा दाखला मागत नाहीं.

आंकड्यांच्या या मोहिनीचा विचार करतांना मला वनपर्वांतील नलोपाख्यान आठवतें. कलि अंगांत शिरल्यामुळें नल द्यूतांत राज्य हरला, दमयंतीस अरण्यांत सोडून गेला, आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन राहिला. दोघे विदर्भाकडे रथांतून जात असतां ऋतुपर्णानें वाटेवरच्या बेहड्याच्या झाडावरील पानें आणि फळें किती आहेत हें एका दृष्टिक्षेपांत सांगितलें. नलानें रथ थांबविला, झाड पाडलें, फळें मोजलीं. संख्या बरोबर निघाली. मग नलानें आपली अश्वविद्या त्यास देऊं करून त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचें मर्म, घेतलें; आणि तें मिळतांच कलि त्याच्या शरीरांतून बाहेर पडला. ज्यास संख्येचें मर्म कळलें त्याचें द्यूताचें व्यसन सुटलें, असा या कथेचा एक अर्थ आहे. आमच्या खेळांत तर आंकड्यांचा सुकाळ आहे. ते इतके काळजीपूर्वक जमविलेले असतात कीं २००८ सालीं एव्हर्टन या इंग्लंडांतील जुन्या क्लबानें खरे खेळाडू हेरण्याच्या कामीं या खेळाच्या माहितीचा उपयोग करण्याचा करार केला. मग इतक्या संख्या जाणणाऱ्या माणसाच्या अंगांतून कलि कां जात नाहीं?

उत्तर झाडांतच आहे. बेहड्याचीं फळें मोजून संपतात. ऋतुपर्णाची संख्या पुरी होती, आणि ती पडताळून पाहतां येत होती. या खेळांतील महत्त्वाचा आंकडा हा आजच्या गुणांचा नसून उद्यांच्या शक्यतेचा, आणि तो झांकलेला. तुमच्या हेरानें म्हणावें कीं हा पोरगा पुढें फार मोठा होईल. होईल किंवा होणारहि नाहीं. आणि तें कळण्यास तीन हंगाम वाट पाहावी लागेल. तोंपर्यंत दुसरे चार पोरगे दृष्टीस पडलेले असतात. थोर खेळाडू वृद्ध होऊन निवृत्त होतात, तों त्यांच्या जागीं संगणकानेंच घडविलेलीं नवीं नांवें उगवतात. अशा रीतीनें एखाद्याचा संघ २०४५ सालापर्यंत जाऊन पोंचतो, आणि त्यांतील एकहि खेळाडू या पृथ्वीवर जन्मलेला नसतो. येथें मोजावयाची वस्तु संख्या नाहीं, आशा आहे. आणि आशेचीं फळें मोजण्यासाठीं अद्याप कोणतेंहि झाड पडलेलें नाहीं.

या विषयावरची सर्वांत मर्मभेदक कृति या खेळाच्या जन्मापूर्वींच लिहिली गेली, हें वाङ्मयाच्या अभिमान्यांस सांगतांना मला आनंद होतो. रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाची १९६८ सालची ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ ही ती कादंबरी. तिचा नायक हेन्री वॉ हा एक हिशेबनीस. एकटा राहणारा, वय झालेला. त्यानें तीन फांशांवर चालणारा बेसबॉलचा खेळ रचला आहे. त्यांत संघ आहेत, पिढ्या आहेत, राजकारण आहे, गाणीं आहेत. डेमन रदरफर्ड हा तरुण खेळाडू त्याचा जीव कीं प्राण. एके दिवशीं फांसे असे पडतात कीं खेळाच्या नियमानुसार डेमनचा मैदानावर मृत्यु होतो. हेन्री कोलमडतो, खऱ्या माणसासाठीं करावा तसा शोक करतो. आणि पुढें एका सामन्यांत, ज्याच्या चेंडूनें डेमन गेला त्याचा बळी घेण्यासाठीं, तो फांसा स्वतःच्या बोटांनीं फिरवून ठेवतो. त्या एका कृत्यानें त्याच्या जगाचा नियम मोडतो. शेवटच्या प्रकरणांत हेन्री दिसतच नाहीं. त्याच्या निर्मितीचेंच जग उरतें.

बोटांनीं फांसा फिरविण्याची ही सोय आजच्या खेळांत प्रत्येकास आहे. सामना हरला, कीं खेळ न सांठवितां बंद करावा आणि मागच्या सांठवणीपासून तोच सामना पुन्हां खेळावा. पाहणारें कोणी नसतें, शिक्षा कोणी करीत नाहीं. परंतु असें केलेल्या माणसास पुढच्या विजयाची गोडी लागत नाहीं, असा बहुतेकांचा अनुभव आहे आणि माझाहि आहे. हें या खेळाच्या बाजूनें मोठें प्रमाणपत्र होय. केवळ विजयाची लालसा असती तर लबाडीनें मिळालेला विजयहि गोड लागला असता. खेळणाऱ्यास हवें असतें तें सत्य. आपल्या निवडीचा न्याय. खोट्या जगांतहि माणूस सचोटी शोधतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

मग या कृतींत दोष नाहीं काय? आहे, आणि तो माझ्या मतें मूलभूत आहे. तिला शेवट नाहीं. संस्कृत नाटकाच्या अखेरीस भरतवाक्य असतें. श्रावणांतली कहाणी सुफळ संपूर्ण होते. कीर्तनकार आरती करून श्रोत्यांस घरीं पाठवितो. कलाकृति आपल्याला एका जगांत नेते, आणि तितक्याच काळजीनें बाहेर आणून सोडते. पडदा पडल्यावर प्रेक्षक उठतो तेव्हां त्याच्याजवळ कांहीं तरी पुरें झालेलें असतें. या खेळांत पडदा पडण्याची योजनाच नाहीं. अजिंक्यपद मिळालें, करंडक उंचावला, कीं त्याच क्षणीं पुढच्या हंगामाचें वेळापत्रक समोर येतें. आणि तें बटण तेथेंच असतें. खेळाच्या कर्त्यांना हें ठाऊक नाहीं असें नाहीं. तुम्हीं एकंदर किती वेळ घालविला याचा हिशेब हा खेळ स्वतःच ठेवतो, आणि त्यावर थट्टेचा शेराहि मारतो. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें या खेळाविषयीं एक पुस्तक निघालें त्याचें नांवच ‘फुटबॉल मॅनेजरनें माझें आयुष्य चोरलें’ अशा अर्थाचें होतें. थट्टा चांगली आहे. परंतु दरवाजा ठेवावयाचा नाहीं, आणि भिंतीवर मात्र ‘फार वेळ झाला हो’ असें गमतीनें लिहावयाचें, हें यजमानाचें लक्षण नव्हे.

येथवर मीं परीक्षकाच्या आसनावरून बोललों. परंतु एवढ्यावर थांबलों तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मी स्वतः या खेळाच्या पूर्ण आधीन होतों. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असूं, त्यांची दृष्टि तेव्हां अधू झाली होती. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं त्यांना वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून दाखवावा, असा आमचा परिपाठ होता. ते शेजारच्या खोलींतून हांक मारीत, “झालें का रे तुझें?” आणि मी उत्तर देत असें, “आलों नाना, एवढा सामना होऊं द्या.” त्यांनीं कधीं चिडून हांक मारली नाहीं. सामना होई. परंतु त्यानंतर कोणी जायबंदी झालेला असे, कोणाचा करार संपत आलेला असे, आणि तीन दिवसांवर दुसरा सामना असे. मी उठून जाई तेव्हां बहुधा त्यांना झोंप लागलेली असे. वर्तमानपत्र घडी न मोडतां उशाशीं ठेविलेलें असे. त्या वर्षाच्या अखेरीस नाना गेले. त्या वर्षांत माझ्या संघानें तिसऱ्या श्रेणींतून पहिल्या श्रेणींत मजल मारली होती. निर्णायक सामन्यांत कोणी कोणत्या मिनिटाला गोल केला हें मी आजहि सांगूं शकतों. कोणते अग्रलेख वाचावयाचे राहिले, हें मात्र मला सांगतां येणार नाहीं.

याचा दोष मी खेळाच्या माथीं मारीत नाहीं. खोटें बोललों तें मी, आणि तें खोटें मला स्वतःलाहि खरें वाटत होतें. कारण ‘एवढा सामना’ या शब्दांत शेवटाचें आश्वासन आहे आणि त्या खेळांत शेवट ही वस्तुच नाहीं. कादंबरी वाचणारा “एवढें प्रकरण होऊं दे” म्हणतो तेव्हां त्याच्या हाताखालीं उरलेलीं पानें तरी कमी कमी होत असतात. व्यसनाचें मर्म गोडींत नसून या अपुरेपणांत आहे, असें मी म्हणतों तें ग्रंथांच्या आधारें म्हणत नाहीं.

तेव्हां निर्णय काय? हा खेळ क्षुद्र नाहीं. मनुष्याला आपल्या कर्माचें फळ पाहण्याची जी न्याय्य भूक असते ती तो ओळखतो. आंकड्यांतून माणसें उभीं करावयास लावतो. आणि खेळणाऱ्याच्या सचोटीची परीक्षा पाहतो. इतकें आपल्याकडील कित्येक कादंबऱ्यांनाहि साधलेलें नाहीं. त्यास घराबाहेर हांकलण्याचा उपदेश मी करणार नाहीं. ज्या मुलाला त्याची गोडी कळली आहे त्यास तो उपदेश पटणारहि नाहीं. परंतु ही अर्धी कृति आहे, हें मात्र त्या मुलास सांगावें. तिच्या कर्त्यांनीं आरंभ लिहिला आणि मध्य लिहिण्याची साधनें दिलीं; शेवट लिहिण्याचें काम खेळणाऱ्याकडे राहिलें आहे, आणि तें त्यानें टाळलें तर कृति त्यास गिळते. पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून ठेवावें: या संघास अमुक पदापर्यंत नेईन, किंवा दहा हंगाम पाहीन, आणि मग थांबेन. तो दिवस येईल तेव्हां बटण नेहमींप्रमाणें समोर असेलच. तें न दाबणें हेंच त्या खेळाचें भरतवाक्य. मग संगणक मिटवून उठावें, आणि शेजारच्या खोलींत कोणी जागें आहे काय, हें पाहावें.